थोरली, धाकटी आणि पुढची फळी

पारस,

तू गेल्यावर तुझ्या उठावण्याला, त्या शोकसभेला, सगळं गाव तुझ्या ओट्यावर जमलं होतं. लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. बियाण्याचं दुकान, गोशाळा, उन्हाळ्यातली पाणपोई, सगळं झालं. मी मागं खांबाला टेकून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हा कोण गृहस्थ? माझ्या ओळखीचा पारस जालन्याच्या एका वर्कशॉपमध्ये, सिमेंटच्या कोरड्या फरशीवर ठेवलेल्या होडीत दोन्ही कडा घट्ट धरून बसला होता, आणि डोळे मिटून विचारत होता, "दादाराव, हालून राह्यली का रे?" त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मलाही "दोन शब्द बोला" म्हणाले. मी नुसते हात जोडले आणि खाली बसलो.

ते दोन शब्द आता बोलतो. अन्वरभाईचा टेम्पो परवा येऊन दोनातली एक होडी घेऊन गेला. एक राहिली. कोणती राहिली ते सांगणारच आहे, पण लगेच नाही. तू कधी मला एका दमात काही सांगू दिलंस का? मग आता तूही थांब.

धरणाचं पाणी फुगून शिवारात शिरलं तेव्हा गावाची खालची जमीन गेली. आपली भागीतली मोसंबीची बाग उंचावर होती म्हणून वाचली, पण वाचली ती पलीकडच्या काठाला. इकडं उभं राहिलं की झाडं दिसायची. वारा बरा असला तर बहाराचा वासही यायचा. आणि जायचं म्हटलं की पुलावरून, परतूरच्या अंगानं, भला मोठा वळसा. भोई लोक थर्माकोलच्या तराफ्यावर बसून बघता बघता पार व्हायचे. मीही एकदोनदा गेलो. तू तराफ्याकडं नुसतं बघितलंस आणि घरी निघून गेलास. तुला पोहता येत नव्हतं. शाळेमागच्या विहिरीत आम्ही सगळ्यांनी उड्या मारल्या तेव्हा तू काठावर आमचे कपडे सांभाळत बसला होतास, आणि पाण्याचा विषय निघाला की पुढं जन्मभर तू कपडेच सांभाळत बसलास.

म्हणून आपण मोटारसायकलवर वळसा घालायचो. मी चालवायचो, तू मागं बसून घड्याळ बघायचास. कारण तुझा चौविहार. दिवस बुडाला की अन्न तर सोडाच, पाण्याचा थेंबही तोंडात जायचा नाही. बागेत फवारणी चाललेली असो की व्यापारी तोडीला आलेला असो, ऊन पिवळं पडायला लागलं की तुझी भुणभुण सुरू. "दादाराव, चल. चल ना बाबा. जल्दी." आणि रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी लागली की गेला तो दिवस. तू तसाच उपाशी झोपायचास. मला कसली घाई नव्हती. कमल गेल्यापासून माझ्या घरी ताट वाढून वाट बघणारं कुणी नव्हतं, पोरं पुण्याला. मी सावकाश पोचायचो, सकाळची भाकरी काढायचो आणि उभ्या उभ्या खायचो.

होडीची कल्पना माझी. तू आधी हसलास, मग घाबरलास, आणि मग माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलंस. जालन्याला अन्वरभाईनं मासळीच्या एका ठेकेदारासाठी दोन होड्या बनवल्या होत्या. ठेकेदाराला आता एकच हवी होती, आणि कोणतीही चालणार होती. दुसरी आपली. आपल्याला फक्त निवड करायची होती.

"दोन्ही सख्ख्या बहिणी हायेत सेठ," अन्वरभाई म्हणाला. "एकच पत्रा, एकच हात. ही आधी झाली, ती मागून."

बस. तिथंच तू बारसं करून टाकलंस. थोरली आणि धाकटी.

दोन्ही अॅल्युमिनियमच्या, दोन्ही पांढऱ्या-करड्या, बिनरंगाच्या. लांबी तीच, रुंदी तीच, बसायच्या आडव्या फळ्या तितक्याच, मागं मोटार बसवायची जागा तीच. भावही एकच. तू दोन्हींवर बोटांच्या पेरांनी टकटक करून पाहिलंस, भांडीबाजारात पातेलं घ्यावं तसं, आणि मान हलवलीस. आवाजही एकच. फरक एवढाच की थोरलीचं बूड परातीसारखं सपाट होतं आणि धाकटीच्या बुडाला मधोमध जराशी धार होती.

मी म्हणालो थोरली. तू म्हणालास धाकटी. आणि त्या दिवसापासून आपल्याला दुसरं काही म्हणजे काही काम राहिलं नाही.

"सपाट हाये. मोसंबीची कॅरेट बराबर बसतील," मी म्हणायचो.

"कॅरेट काय, म्हैस बी बसंल. पण म्हशीला पलीकडं पोचायला रात होईल."

"धाकटी डुगडुगती."

"उभी राह्यली की डुगडुगती. चालून राह्यली की न्हाई. ती लाट कापती. थोरली लाटेवर आपटती. थपथप, थपथप. माझी कंबर हाये ती, धोब्याचा दगड न्हाई."

तुझ्या दुकानात हे रोज. सोयाबीनचं बियाणं न्यायला आलेल्या माणसाला तू आधी होडीबद्दल विचारायचास. कोथिंबिरीचं पाकीट घ्यायला आलेल्या बाईला मत द्यायला लावायचास, आणि ती थोरली म्हणाली की "तुम्हाला नीट समजलं न्हाई ताई," असं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगायचास. एकदा तुझा पुतण्या नितेश वैतागून म्हणाला, "काका, टॉस करा ना एकदाचा." तू त्याच्यावर असा डाफरलास! "टॉस करून पोरगी देतेत का कुनी?" बिचारा गल्ल्यामागं जाऊन बसला.

शेवटी अन्वरभाईच कंटाळला. दोन्ही होड्या टेम्पोत घालून त्यानं आपल्या काठाला आणल्या, बाभळीला बांधल्या आणि एक मोटार दिली. "आलटून पालटून लावा. काय ते बघून घ्या. ज्यादा दिवस न्हाई हां," म्हणाला. मोटार पाहिल्यावर तुझा पहिला प्रश्न, "ह्या पंख्यानं मासोळ्या कापल्या गेल्या तर?" अन्वरभाई माझ्याकडं बघायला लागला. मासळीच्या ठेकेदारासाठी केलेली होडी ती! पण तू हटला नाहीस. पंख्याभोवती गोल जाळी बसवूनच घेतलीस. त्या जाळीत शेवाळ अडकतं पारस, दर खेपेला. वाकून हातानं काढावं लागतं. ते काम कुणाचं, याचा तू विचार केलाच नव्हतास.

आणि मग ती तुझी पहिली फेरी. काठावर चप्पल काढून, णमोकार म्हणत, माझा हात धरून तू होडीत उतरलास. हात एवढा घट्ट, की माझी अंगठी बोटात रुतली. पुढच्या फळीवर बसलास तो पाण्याकडं पाठ करून, तोंड माझ्याकडं. पुढं काय आहे ते तुला बघायचंच नव्हतं. मी मागं मोटारीची मूठ धरून, तू पुढं माझ्या तोंडाकडं बघत. मग दर वेळी तसंच. कधी थोरली, कधी धाकटी, तुझी जागा तीच.

"बघ, बघ, पाणी कसं कापून राह्यली!" धाकटीत बसलो की तू ओरडायचास.

"तुला काय दिसतंय? तोंड तर इकडं!"

"तुझ्या तोंडावर दिसून राह्यलं ना."

पलीकडच्या काठाला लागलो की मी आधी उतरायचो, दोर बांधायचो आणि तुला हात द्यायचो. हात दिल्याशिवाय तू फळीवरून हलायचा नाहीस. येताना पुन्हा तेच. कुणी लांबून बघितलं असतं तर म्हातारं नवरा-नवरी देवदर्शनाला निघाले म्हणालं असतं.

मी चिडायचो तुझ्यावर. ठरव की आता, ठेकेदार थांबलाय, अन्वरभाई फोन करतोय. आणि तू, ज्याला बागेतून निघायला एक क्षण दम धरवत नव्हता तो तू, काठावर बसून म्हणायचास, "ह्या गोष्टीत घाई चांगली न्हाई. पाडव्यापर्यंत बघू." मी म्हणालो, "अन्वर काय दोन्ही होड्या आपल्या श्राद्धापर्यंत ठेवणार हाये का?" तू हसलास. मीही हसलो. हसणार नाही तर काय.

मग त्या सकाळी तू दुकानाचं शटर अर्धं वर केलंस आणि तिथंच खाली बसलास. सगळे म्हणतात, काही त्रास झाला नाही. बरं झालं. झाला असता तर त्यातला अर्धा मी वाटून घेतला असता, पण कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी पाय दुकानाकडंच वळतात. नितेश चांगला आहे, लगेच उठून तुझी खुर्ची पुढं करतो. मी खताच्या पोत्यावर बसतो. चहा येतो. नितेश मोबाइलमध्ये, मी चहात. भांडायला त्याला वेळ नाही आणि मला जीव नाही. एक दिवस खिशातून फोन काढून तुझा नंबर लावला, वाजायला लागला तेव्हा ध्यानात आलं. गल्ल्यातच वाजत होता. नितेशनं तो बंद केला आणि आम्ही दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं.

अन्वरभाई दुखवट्याला येऊन गेला तेव्हा त्यानं होडीचं काही काढलं नाही. नंतर हळूच म्हणाला, "काका, ठेकेदार लई मागं लागला हो. आठवड्यात सांगा, कोनती न्यायची." मी म्हटलं, चल, आत्ताच बघतो.

मोटार धाकटीला लावली आणि एकटा निघालो. काठापासून थोडा आत गेलो, मूठ पिळली, आणि पारस, होडीचं तोंड वर उठलं. असं वर, की समोरचा काठ दिसेना, बाग दिसेना. समोर नुसता पत्रा आणि आभाळ. मी घाबरून मूठ सोडली. तोंड धपकन खाली आलं. पुन्हा पिळली, पुन्हा तेच. काठावरून अन्वरभाई हातवारे करत होता.

"पुढं वजन पाह्यजे काका!" मी परत आल्यावर तो म्हणाला. "तुम्ही मागं, मोटार बी मागं. पुढं कुनी न्हाई. मंग उठनारच ना ती. एकट्याची होडी न्हाई ही. दगड टाका एखादा मोठा."

थोरलीत गेलो. तीही जरा उचलली, पण सपाट बुडामुळं लगेच बसली. एकट्याला नेता येईल अशी. इतक्या फेऱ्या मारल्या, इतकी भांडणं केली, दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की एकट्यानं चालवून बघावी. आपण होडी पारखत होतो ते दोघांच्या हिशोबानं. तू बसलास म्हणून धाकटी सरळ चालायची, आणि श्रेय तू तिला द्यायचास.

तर वाद मी जिंकलो. तुझ्या धाकटीत खोट निघाली. आता हे कुणाला जाऊन सांगू? कुणाच्या दुकानात शिरून, गिऱ्हाइकांसमोर, टेबलावर हात आपटून सांगू?

बाग अर्धी तुझी, म्हणजे आता भाभीची. म्हणून भाभीला विचारायला गेलो. दुपार होती. त्या ओसरीत मेथी निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, थोरली अशी, धाकटी तशी. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्यांना तर धाकटीच पाह्यजे होती भाऊजी. जल्दी पोचती म्हनून."

मी हसलो. म्हटलं, "पोटाचा पक्का होता तो. जेवण चुकायला नको, एवढंच."

भाभी हसल्या नाहीत. "त्यांच्या पोटाचं कुठं हो. ते उपाशी कितीबी राहू शकायचे. पर्युषणात राह्यचेच की. मी थांबायचे ना. ते आल्याबिगर मी कसं जेवनार? मंग दिवस बुडला की मी पन न्हाई. मला शुगर हाये, गोळ्या चालू. एकदा चक्कर येऊन पडल्ते इथंच. तवापासून त्यांना घाई." मेथीची काडी मोडत त्या म्हणाल्या, "मी म्हनायचे, सांगा की भाऊजींना तसं. तर म्हने, त्याला सांगितलं तर तो मला बागेत न्यायचंच बंद करंल, एकटाच राबंल."

मी तुझ्या घरी जन्मभर उठबस केली. तुझ्या लग्नात मी वरातीत नाचलो. आणि हे मला तू सांगितलं नाहीस. माझ्याशी भांडलास ते लाटेवरून, कमरेवरून, म्हशीवरून. एकदाही म्हणाला नाहीस की दादाराव, घरी सुशीला उपाशी बसून राह्यली रे.

पण मी तरी कुठं तुला खरं सांगितलं? कॅरेटचं काय घेऊन बसलास. कॅरेट धाकटीतही बसली असती. धाकटीत पाय टाकताना ती जरा कलायची आणि तुझा चेहरा पांढराफटक पडायचा, ते मला बघवायचं नाही. थोरली मला हवी होती ती तिच्यात तू कमी भिशील म्हणून. एवढंच कारण होतं, दुसरं नव्हतंच. आता हे तुझ्या तोंडावर कसं सांगणार? तू म्हणाला असतास, मी कुठं भितो? म्हणून कॅरेट, कॅरेट, कॅरेट.

भाभींच्या ओसरीत बसून हे सगळं माझ्या डोक्यात आलं. तुला आता पाण्याची भीती नाही. भाभींना आता कुणाची वाट बघायची नाही. थोरलीचं कारण गेलं, धाकटीचंही गेलं. इतके महिने डोळे फाडून आपण फरक शोधत होतो, आणि आता खरोखरच दोन्ही होड्यांत काही फरक राहिला नव्हता.

"मग कोणती ठेवू भाभी?" मी तरी विचारलं.

"भाऊजी, आता कुनाला जल्दी आनायचंय?" त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी मेथी निवडत बसलो.

शहाण्या माणसानं थोरली ठेवली असती. नितेशही तेच म्हणाला, "काका, एकट्यानं जायचंय तर थोरलीच बरी." अन्वरभाई तर गृहीतच धरून आला होता, त्यानं थोरलीचा दोर बाभळीला आणखी एक वेढा देऊन पक्का केला आणि धाकटीला टेम्पोकडं ओढायला लागला. मी म्हणालो, "थांब. ही ने."

"काका, पर ती तर..."

"माहीत हाये मला. ही थोरली ने."

ठेवली रे तुझीच. खुश हो. पण तुझं बरोबर होतं म्हणून ठेवली नाही, हे कान देऊन ऐक. तू साफ चुकला होतास. थोरली ठेवली असती तर मी जिंकलो असतो आणि वाद तिथंच मिटला असता. मग मी बागेत जाताना येताना कुणाशी काय बोलणार होतो? धाकटी रोज तोंड वर करणार, तिच्या जाळीत रोज शेवाळ अडकणार, आणि मला रोज तुला शिव्या द्यायला कारण मिळणार. एवढं तरी ठेव माझ्याकडं. तुझी माणसं म्हणतात, त्यांच्या आत्म्याला शांती मिळो. मी म्हणतो, जरा सावकाश मिळो.

पुढच्या फळीजवळ दगड ठेवलाय, बांधावरचा, चांगला मोठा. बसतो गपगार. म्हैस म्हणत नाही, कंबर म्हणत नाही.

काल बागेत बहाराला पाणी देता देता उशीर झाला. मान वर केली तर ऊन पिवळं पडलेलं. कुणी "चल ना बाबा" म्हणालं नाही, तरी मी पाइप टाकून निघालो. धाकटी सुटली. पलीकडं सूर्य बाभळींकडं झुकायला लागला होता आणि माझा हात मूठ पिळतच राहिला. दगड असूनही तोंड वर उठलंच थोडं. मग दिल्या तुला दोन-चार, मोठ्यानं, पाण्यावर ऐकायला कुणी नव्हतं. तू म्हणायचास ते मात्र खरं, लाट ती कापते.

काठाला लागलो तेव्हा दिवस होता. चांगला हातभर वर होता. मी उडी मारून उतरलो, दोर बाभळीला बांधला, वळलो, आणि पुढच्या फळीकडं हात केला, तुला उतरवून घ्यायला.

तुझा,
दादाराव